नमुना झकास, माल पेवात

मामांचे गुडघे दुखतात. मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते, त्यामुळे औषध आधीच ठरलंय. अडलंय ते पुराव्यावाचून. डॉक्टरांनी "हळद राहू द्या, आधी वजन उतरवा" असं सुनावल्यापासून तर जास्तच.

"तू फिजिओथेरपी शिकतीयस न्हवं? काढ की कागद."

मी पबमेड उघडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं हे गोदाम 1996 पासून चालू आहे आणि आत वैद्यकीय संशोधन-लेखांच्या साडेतीन कोटींवर नोंदी आहेत. 'टर्मरिक' टाकलं, तर त्यानं परस्पर 'कुर्कुमा'ही शोधलं. तिथल्या 'मेश' नावाच्या शब्दसूचीत हळदीचं सासरचं नाव तेच. मग गुडघा जोडला. ढीग उतरला, पण त्यातले काही गुडघे उंदरांचे निघाले.

नको ते वगळायला मधे 'नॉट' लिहायचं, तेही कॅपिटलमध्ये. मी 'रॅट्स' वगळले. 'माइस' तसेच राहिले! मराठीत दोघेही उंदीरच, पण त्या यंत्राला दोघांना वेगवेगळं हाकलावं लागतं. "गोदामात पण असंच," मामा म्हणाले, "थोरलं गेलं की चिल्लर येतंय."

शेवटी एक माणसाचा गुडघा सापडला. सारांश इतका सुरेख, की मामा चष्मा पुसून पुढं सरकले. पूर्ण लेखावर टिचकी मारली, तर प्रकाशकाचं पान उघडलं: चाळीस डॉलर.

"म्हंजे नमुना हातात आन माल हरिपूरच्या पेवात, जमिनीच्या पोटात," मामा म्हणाले. "पानं किती?"

"अकरा."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "पानाला तीनशे रुपये! आमची राजापुरी हळद किलोला एवढी जाईना."

मग डावीकडची 'फ्री फुल टेक्स्ट'ची चौकट टिचकावली. हे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं, पण हे कॉलेजात सांगत नाहीत. एक लेख फुकट उघडला. मी मराठी करून वाचत गेले. शेवटी आलंच, 'अधिक संशोधनाची गरज आहे.'

"सौदा निघाला न्हाई म्हण की. हळद कुठली घेतलीवती? राजापुरी का सेलम?"

मी वरखाली शोधलं. "तसं लिहिलेलं नाही. अर्काच्या गोळ्या होत्या."

"मग परत कर त्यो कागद."

"फुकट मिळालाय, मामा."

"तरी परत कर."