‘थेट कमांडो भरती’चा मेसेज आणि त्यातला घोळ

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपवरून आला. पहिल्यांदा भाच्याने पाठवला, खाली हात जोडलेले आणि प्रश्न, ‘मामा, खरंय का?’ मजकूर थोडक्यात असा: ‘पूर्वी पॅरा कमांडो व्हायला साध्या पलटणीत पाच-दहा वर्षं घासावी लागायची, नव्या पोराला दारातही उभं करत नव्हते. आता अग्निवीरातून थेट कमांडो भरती सुरू. रॅलीत पहिल्या गटात आलेल्यांना थेट निवड. ट्रेनिंग बेळगावला. नापास झाल्यास सरळ घरी. नाशिकमध्ये खास कमांडो बॅच, जागा मर्यादित.’

शेवटच्या ओळीसाठीच वरचा सगळा मजकूर लिहिलाय, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण कळत नाही. नाशिकरोडला तोफखान्याचं सेंटर, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, गल्लीगल्लीत एखादा निवृत्त हवालदार किंवा सुभेदार, आणि तरीही हा मेसेज आपल्याच गावात सगळ्यात जोरात फिरतोय. म्हणून एकदा नीट बघू.

‘पूर्वी नव्या पोराला जागाच नव्हती.’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं फार लांब पळतं. हिंदुस्थानात पहिली छत्रीधारी, म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणारी, ब्रिगेड उभी राहिली १९४१ साली, ५० वी. तिच्यातली माणसं वेगवेगळ्या पलटणींतून स्वखुशीने आलेली, आधीच शिपाई असलेली. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट झाली तेव्हा तर पंजाब, मराठा आणि कुमाऊं अशा तीन रेजिमेंटांच्या अख्ख्या पलटणीच तिच्यात घेतल्या. त्यातली मराठा पलटण म्हणजे २ पॅरा. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलवर छत्रीने उतरली ती हीच.

कमांडो ही गोष्ट पॅराशूट रेजिमेंट झाल्यानंतरची. १९६५ च्या युद्धात मेजर मेघ सिंग यांनी स्वयंसेवक जमवून ‘मेघदूत फोर्स’ उभी केली. पश्चिम कमांडचे लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग पाठीशी होते. त्या अनुभवातून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो उभी राहिली आणि १९६७ मध्ये तिच्यातूनच १० पॅरा कमांडो निघाली, एक डोंगरासाठी, दुसरी वाळवंटासाठी. म्हणजे सुरुवातीची सगळी माणसं नोकरी केलेलीच होती. मेसेजवाल्याचं इथपर्यंत बरोबर आहे. (तोफखान्याच्या गावात एक गोष्ट सांगायलाच हवी: डिसेंबर १९७१ मध्ये ९ पॅराच्या कमांडोंनी पूंछकडच्या मंढोल इथे रात्री शत्रूच्या मागे घुसून सहा तोफा उडवल्या. आमच्या शेजारचे तोफखान्यातले काका हा किस्सा निघाला की अजूनही थोडे गप्प होतात. तोफ कुणाची का असेना, ती उडाल्याचं त्यांना सोसत नाही.)

पण पॅराशूट रेजिमेंटला स्वतःचं सेंटर मिळालं, आधी आग्र्याला, मग १९९२ पासून बंगळूरला, आणि नव्या रंगरुटांची गोष्ट बदलली. गावाकडून आलेलं पोर थेट याच रेजिमेंटमध्ये भरती होऊ लागलं. बाकीच्या सैन्यातून अर्ज करून येणारेही चालूच राहिले. दोन वाटा कित्येक वर्षं शेजारी शेजारी आहेत. ‘आता सुरू झालं’ ते काय, तर चार वर्षांची अग्निवीर नोकरी, जून २०२२ मध्ये जाहीर झालेली. पॅराच्या सेंटरमध्ये नवं पोर घेणं अग्निपथच्या कितीतरी आधीपासून आहे.

तिसरी वाट मेसेजवाल्याच्या गावीही नाही, आणि मराठी माणसाने तरी ती विसरू नये. १९८५ मध्ये बेळगावात २१ मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली, साधी पायदळाची पलटण. १९९६ मध्ये तीच २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस), म्हणजे पॅरा कमांडोंची पलटण, झाली. त्याआधी १९७८ मध्ये १ पॅराचं असंच रूपांतर झालं होतं. मराठा रेजिमेंटमध्ये भरती होताना ज्याने कमांडो हा शब्द डोक्यातही आणला नव्हता, तो घरबसल्या त्या दारात जाऊन उभा राहिला. आत जायला मात्र चाळणी होतीच.

आणि खरा घोळ इथेच आहे. पॅराशूट रेजिमेंटमध्ये भरती होणं वेगळं, स्पेशल फोर्सेसमध्ये जाणं वेगळं. सेंटरमधून बाहेर पडलेलं नवं पोर असो की दुसऱ्या पलटणीतून आलेला पाच वर्षांचा नाईक असो, दोघांनाही प्रोबेशन द्यावं लागतं. नव्वद दिवस म्हणून ते ओळखलं जातं: झोप नाही, पाठीवर वजन, मैलोन्‌मैल चाल, आणि सोबतचे जुने लोक तुझ्याकडे सतत बघताहेत की हा माणूस रात्री तीन वाजता कसा वागतो. टिकला तर पुढे. आग्र्याला पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, की छातीवर पंख लागतात. गडद तांबडी (‘मरून’ रंगाची) टोपी सगळ्याच छत्रीधारी सैनिकांची, पण ‘बलिदान’चा बिल्ला फक्त स्पेशल फोर्सेसचा. थेट आलेल्याला थेट काय मिळालं? प्रोबेशनच्या रांगेत उभं राहायची जागा. अधिकाऱ्यांचंही तेच. अकादमीतून पॅरा मागून घेतलेला नवा लेफ्टनंटसुद्धा आधी प्रोबेशनर असतो.

‘पहिल्या गटात पळणाऱ्यांना थेट निवडतात.’ नाही. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर ग्राउंडचे साठ मार्क मिळतात, एवढंच. शिवाय आता आधी संगणकावरची लेखी परीक्षा आणि मग ग्राउंड. अग्निवीराच्या जाहिरातीत जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क-स्टोअरकीपर आणि ट्रेड्समन असे प्रकार असतात. त्यात ‘कमांडो’ असा प्रकारच नाही. ज्याला सापडेल त्याने मला दाखवावा, गोल्फ क्लबसमोरची मिसळ माझ्याकडून.

‘ट्रेनिंग बेळगावला.’ बेळगावात कमांडो कोर्स होतो, आणि तो खडतर आहे यात वाद नाही. पण तो पायदळाच्या अधिकाऱ्यांसाठी आणि जवानांसाठी. तो करून माणूस आपल्या पलटणीत परत जातो, बहुधा तिथल्या ‘घातक’ या निवडक जवानांच्या प्लाटूनमध्ये. छातीवर कमांडोची खूण असली म्हणून तो पॅरा कमांडो होत नाही. स्पेशल फोर्सेसची शाळा हिमाचलात बकलोहला आहे, आधी ती नाहनला होती. एनएसजीची, म्हणजे दहशतवाद्यांशी लढणाऱ्या ‘ब्लॅक कॅट’ कमांडोंचीही यातच खिचडी करतात. १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या एनएसजीत थेट भरती नसतेच, तिथे सैन्यातून आणि केंद्रीय पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर जातात.

‘नापास झाल्यास घरी.’ हे वाचून दोन पोरांच्या आया माझ्याकडे आल्या होत्या, म्हणून सांगतो. प्रोबेशनमध्ये न टिकलेला जवान आपल्या जुन्या पलटणीत परत जातो. जो थेट आला त्याला दुसरीकडे पाठवतात. नोकरी जात नाही.

मग हा ‘थेट’ आला कुठून? माझा अंदाज, हिंदीत डब केलेल्या अमेरिकी व्हिडिओंतून. तिथेही गोष्ट सरळ नाही. १९५२ मध्ये फोर्ट ब्रॅगला कर्नल ॲरन बँक यांच्या हाताखाली १० वा स्पेशल फोर्सेस ग्रुप उभा राहिला, तेव्हा घेतले ते मुरलेले सैनिक आणि पूर्व युरोपातून पळून आलेले लोक. व्हिएतनामच्या काळात माणसं कमी पडली, तेव्हा पहिल्याच नोकरीतल्या पोरांनाही आत घेतलं. २००१ नंतर पुन्हा तसंच दार उघडलं, ‘अठरा एक्स-रे’ या नावाने: आधी पायदळाचं शिक्षण, मग छत्री, मग निवड, आणि निवडीत पडला तर साध्या पलटणीत. ब्रिटनच्या २२ एसएएस या कमांडो पलटणीत मात्र आजही रस्त्यावरचा माणूस थेट जात नाही, आधी सैन्यात असावं लागतं. सैन्याला माणसांची जितकी नड, तितकं ते दार उघडं. निवडीची फूटपट्टी मात्र तीच.

राहिली ‘खास कमांडो बॅच’. मेसेजखालच्या नंबरावर मी स्वतः फोन लावला. विचारलं, कुठल्या जाहिरातीतली, कुठल्या पदाची तयारी करून घेता? पलीकडचा पोरगा फार अदबीने बोलला. म्हणाला, ‘काका, आधी टोकन भरा, पदाचं सर सांगतील.’ सर कुठे आहेत विचारलं, तर सर ग्राउंडवर होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि भाचा त्या ग्राउंडवर गेलो. सर आले नव्हते, तीस-पस्तीस पोरं आपापली पळत होती.