मंगळावर जंतू नेले तर बिघडतं, आणि बरंच बिघडतं

‘अंतराळात सगळे जंतू मरतात, मग यानं निर्जंतुक करण्यावर कोट्यवधी कशाला उधळता?’ असा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यात चार मुद्दे आहेत. थंडी आणि किरणं यांत एकही जंतू टिकत नाही. उल्कांमधून मंगळाची माती तशीही पृथ्वीवर येते. आपल्या मंगळयानाने असले सोपस्कार केलेच नाहीत. आणि उद्या माणूस गेला की जंतू जाणारच. एरवी मी सोडून दिलं असतं, पण माझ्या भाचीने हे सगळं जसंच्या तसं विज्ञान प्रकल्पाच्या वहीत उतरवलं. आता गप्प बसवत नाही.

मंगळयानाचं आधी उरकते. ते उतरायला गेलंच नव्हतं. 2014 पासून मंगळाभोवती फिरत होतं. घिरट्या घालणाऱ्या यानाला उतरणाऱ्या यानाचे नियम लागत नाहीत. ते मंगळावर आदळू नये, एवढीच मुख्य काळजी. इतर ग्रहगोलांचं घातक प्रदूषण टाळण्याचं कलम 1967 च्या अंतराळ करारात आहे आणि भारत त्या करारात आहे.

खरा संताप पहिल्या मुद्द्याचा, कारण तो ठाम आवाजात सांगितलेला खोटा दावा आहे. जपानच्या ‘तान्पोपो’ प्रयोगात डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जिवाणूच्या सुकवलेल्या गोळ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर 3 वर्षं ठेवल्या होत्या. निष्कर्ष 2020 मध्ये आले. अर्ध्या मिलिमीटरहून जाड गोळ्यांतले जिवाणू जिवंत होते. वरचा थर मेला आणि त्याच्याच आडोशाने आतले वाचले. मंगळावरच्या अतिनील किरणांत उघडा पडलेला जंतू फार टिकत नाही, हे मान्य. पण यानावरचे जंतू उन्हात पसरून बसलेले नसतात. ते स्क्रूच्या आट्यांत, गोंदाच्या थरात, पॅराशूटच्या घड्यांत असतात.

शिवाय यान जिथे जोडतात त्या खोलीत इतकी घासपूस होते की मागे उरतात ते सगळ्यांत चिवट. टर्सिकॉकस फिनिसिस नावाचा जिवाणू फ्लोरिडा आणि फ्रेंच गयाना इथल्या, समुद्रापलीकडच्या दोन यानजोडणी कक्षांत सापडला. 2013 मध्ये त्याची नोंद झाली तेव्हा जगात दुसरीकडे कुठेच त्याचा पत्ता नव्हता. मंगळाकडे निघतात ते असे जंतू.

आणि हे सगळं कशासाठी, तेच त्या मजकुरात कुठे नाही. मंगळावर जीव सापडला तर तो तिथला की आपणच नेलेला, हे कळायला हवं. 1969 मध्ये अपोलो 12 च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून सर्व्हेयर 3 या 1967 मध्ये तिथे उतरलेल्या मानवरहित यानाचा कॅमेरा परत आणला आणि त्यात स्ट्रेप्टोकॉकस हा माणसाच्या तोंडात राहणारा जिवाणू मिळाला. अडीच वर्षं जिवाणू चंद्रावर तगला, अशी कथा कित्येक दशकं सांगितली गेली. पुढे जुन्या नोंदी तपासल्यावर तो बहुधा परत आल्यानंतर हाताळतानाच शिरला असावा असं दिसलं. एका कॅमेऱ्याबाबत ही गत! ‘तिथलं की आपलं’ हा घोळ नको म्हणून तर 1976 मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या वायकिंग यानांचे लँडर, म्हणजे उतरणारे भाग, आख्खेच्या आख्खे 110 अंशांहून जास्त तापमानात तीसेक तास भाजून काढले होते. म्हणूनच मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स या रोव्हरच्या, नमुने भरायच्या 43 नळ्यांपैकी 5 नळ्या मातीसाठी नाहीतच. यानासोबत पृथ्वीवरून काय आलं, त्याचा पुरावा ठेवण्यासाठी त्या आहेत.

उल्कांचा मुद्दा अर्धा खरा आहे. मंगळाचे दगड पृथ्वीवर पडलेले आहेत, आणि कधीकाळी इथले तिकडे गेलेही असतील. पण त्या दगडांचा प्रवास बहुतेक वेळा लाखो वर्षांचा असतो. पर्सिव्हिअरन्सला सात महिनेही लागले नाहीत. आणि कुठलीही उल्का जुन्या तळ्याची जागा हेरून तिथे ड्रिल चालवत नाही.

माणूस गेला की जंतू जाणार, हेही खरं. माणसाला भाजून काढता येत नाही. पण त्यावरून आजच हात धुणं सोडा, असा निष्कर्ष कसा निघतो? माणूस उतरला की ‘हे इथलं की आमचं’ हे ठरवणं कितीतरी अवघड होईल. जे स्वच्छ हातांनी तपासायचं, ते त्याच्या आधीच तपासायला हवं.