‘लेकरांना कशाला सांगितलं?’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल आणि तो लेकरांना सांगितल्याबद्दल मी लिहिलं, त्यावर ‘लेकरांना कॅन्सरचं सांगून त्यांचं बालपण नासवलं, वरून सगळं चव्हाट्यावर लिहिलं; उद्या पोरीच्या सोयरिकीचं काय?’ असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वहिनींच्या मुलींना आईच्या आजाराचं अजून माहीत नाही, हेही लिहिलंत. राग आला नाही, पण पटलंही नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, लहानसं. सेवाग्रामच्या दवाखान्यात जायला गाडीत बसलेली बाई कशासाठी गेली, हे ती परतायच्या आत नळावर पोचलेलं असतं. मी गप्प राहिले असते तर शाळेत कुणीतरी म्हटलंच असतं, ‘तुह्या मायले कॅन्सर झाला, आता ते वाचत नाही.’

आणि लपवायचं तरी कसं? किमोतल्या लाल औषधानं एक-दोन दिवस लघवी लाल होते. आमची मोरी अंगणात, सगळ्यांची एकच. हा औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे, असं पोरीला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. सकाळी ती आतूनच ओरडली, ‘आई, रसना!’ सासूबाईंना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्या जाऊन देव्हाऱ्यापुढे बसल्या.

किमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या की घरातली साधी सर्दीही महागात पडते. नाक गळायला लागलं की मुलगा आपणहून आजीजवळ झोपायचा. काही न सांगता त्याला दूर ठेवलं असतं तर तो काय समजला असता? शेजारच्या मोठ्या माणसांनी माझा चहाचा कप वेगळा काढला, तेव्हा कॅन्सर उष्ट्यातून लागत नाही हे तिसरीतलं पोरगं त्यांना सांगत होतं. (केस गेल्यावर ‘तिरुपतीला जाऊन आल्या का?’ विचारणाऱ्यांना मीच हो म्हणायची. किती जणांना सांगत बसायचं!)

आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमोक्सिफेनची गोळी चालू आहे. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला ओझं चालत नाही, पऱ्हाटीच्या बोंडाचा ओरखडाही चालत नाही; हात सुजतो. गाठोडं पोरगीच उचलते. बालपणाचा हिशेब मांडायचाच तर आधी कापसाच्या भावाशी मांडा.

राहिली सोयरीक. स्तनाच्या कॅन्सरपैकी शंभरात पाच-दहाच घराण्यातल्या जनुकामुळे होतात, आणि ते जनुक बापाकडूनही येतं. मुलाकडच्यांनी माझं विचारलं तर मीही त्यांच्या आजी-आत्यांची चौकशी करीन.

पण तुमच्या पुतण्यांचं मनावर घ्या. आईला कितव्या वर्षी झाला, एका बाजूला की दोन्ही, आजी-मावशी-आत्यांत कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा होता का, हे त्यांना माहीत हवं. आईला तरुणपणी झाला असेल तर लेकींच्या तपासण्या साधारण तिच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून सुरू करायला डॉक्टर सांगतात. वहिनींचं तेव्हाचं वय विचारून घ्या, आणि मुलींची आताची वयं पाहा.