पाला राखायचा असेल तर अख्ख्या शिवारानं राखावा लागतो

ऊसतोड टोळी फडातून बाहेर पडली, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) वैरणीला गेलं, की दोन-चार दिवसांत मागं उरलेल्या वाळक्या पाल्याला, म्हणजे पाचटाला, काडी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातलं करवीर घ्या, कागल घ्या, शिरोळ घ्या, हंगामभर हेच चालतं. हे थांबलं पाहिजे, आणि ते उपदेशानं थांबणार नाही, सोय केली तर थांबेल.

एकरी साधारण तीन-चार टन पाला पडतो. त्यात 15 ते 20 किलो नत्र, 30 ते 40 किलो पालाश आणि टनाच्या वर सेंद्रिय कर्ब असतो. पेटवला की कर्ब आणि नत्र धुरात जातं. उरलेली राख वाऱ्यावर आणि पहिल्या पाण्याबरोबर हलते. एवढं जाळून आपण पुन्हा शेणखताच्या ट्रॉलीचा भाव विचारत फिरतो!

"पाला ठेवला आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) पिवळा पडला" ही तक्रार खरी आहे. पाल्यात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र मातीतून ओढतात आणि उसाला कमी पडतं. म्हणून पाला पसरल्यावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक (शेणखतात मिसळून) त्यावर टाकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. कोरड्या पाल्यावर टाकलेलं संवर्धक वाया जातं.

त्याआधीचं काम बुडख्यांचं, म्हणजे तोडीनंतर उरलेल्या उसाच्या खुंटांचं. टोळीनं चार बोटं वर तोडलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, म्हणजे जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमदार कोंब येतात; वरच्या कांडीवरचे फुटवे कमजोर राहतात. छाटल्यावर कार्बेन्डाझिम 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम या प्रमाणात बुडख्यांवर फवारा. बुडख्यांवर पाला राहू देऊ नका, कोंब पांढुरके निघतात आणि फुटवे घटतात. सरी अरुंद असेल तर पाला एकाआड एक सरीत दाबा आणि मोकळ्या सरीतून पाणी फिरवा. सगळ्याच सऱ्या भरल्या की पाणी तुंबतं, पुढं सरकत नाही आणि माणूस वैतागून काडी शोधतो.

खत पहारीनं. बुडख्यापासून चार-सहा इंच लांब, तेवढंच खोल भोक, दोन भोकांत एक फूट अंतर. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत एका बाजूला, दुसरा साधारण 130 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. बगला फोडणं (सरीच्या बाजू नांगरणं) आणि भरणी (बुडख्याला माती लावणं) यांचा खर्च वाचतो.

हुमणी (उसाची मुळं खाणारी अळी) मरते म्हणून पेटवणारेही आहेत. अळी मातीत खोल बसलेली असते, वरची आग तिच्यापर्यंत पोचत नाही. बांधावरचं जांभूळ आणि पीव्हीसी पाइप मात्र हमखास जळतात.

शिरोळकडच्या क्षारपड रानांतल्या भावांनी तर हे जास्त मनावर घ्यावं. उघडी जमीन तापली की खालचं पाणी वर चढतं, उडून जातं आणि क्षार वर ठेवून जातं. पाल्याखाली जमीन ओल धरते, पाण्याचा फेर लांबवता येतो, क्षार वर येण्याचा वेग कमी होतो. निचरा नसलेल्या रानाला चर काढावेच लागतील, ते पाल्यानं भागत नाही. नदीकाठच्या पूरबुडीत रानात पाला वाहून जाण्याची भीती असते, तिथं कुट्टी करून लवकर कुजवलेला बरा.

आता मुख्य अडचण. तुम्ही कितीही नीट पाला राखा, शेजाऱ्यानं पेटवला की ठिणगी बांध ओलांडते आणि वाळका पाला आधी पेट घेतो. म्हणून हे एकट्यादुकट्याचं काम नाही. पाणीपुरवठा संस्थेनं किंवा सेवा सोसायटीनं ट्रॅक्टरवर चालणारं पाचट कुट्टी यंत्र भाड्यानं द्यावं, संवर्धक एकत्र मागवावं, आणि ज्या गटात टोळी येणार त्या गटातल्या सगळ्यांना तोडीच्या आधी सांगावं. यंत्राची पाळी तोडीच्या पाळीप्रमाणेच लावा, कारण तोडणीनंतर आठवडाभर यंत्र आलं नाही तर कोंब वर येतात आणि चाकाखाली मोडतात. ज्या गावात गळीत (कारखान्याचा ऊस गाळप हंगाम) सुरू व्हायच्या आधी हे ठरलेलं नाही, तिथं या हंगामातही धूरच दिसेल.