कारण सांगा ना!

ग्रुप अकाउंट्सच्या, म्हणजे पालक कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांच्या एकत्रित हिशेबांच्या, प्रत्येक तासाला तेच. फळ्यावर फॉरमॅट, खाली आकडे, आणि ‘का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: परीक्षेत कारण विचारत नाहीत, वजा करा आणि पुढे चला. डोकं फिरतं अक्षरशः!

अहो, कारणातच तर सगळा विषय आहे. उपकंपनीने ८० हजारांचा माल पालक कंपनीला १ लाखाला विकला आणि त्यातला निम्मा वर्षअखेरीस गोदामात पडून आहे. समूहाबाहेर तो गेलेलाच नाही, मग त्यावरचा १० हजार नफा कमावला कुणी? कुणीच नाही. पैसे या खिशातून त्या खिशात गेले, एवढंच. म्हणून तो नफा काढायचा आणि साठाही तेवढ्याने कमी करायचा. हे सांगायला कितीसा वेळ लागतो? पालकाकडे ७५ टक्के शेअर्स असतील, तर या १० हजारांतले अडीच हजार नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टच्या, म्हणजे उपकंपनीच्या बाकीच्या भागधारकांच्या, वाट्याला. विक्री पालकाने उपकंपनीला केली असेल, तर सगळा भार पालकावर. नुसतं पाठ केलेली पोरं दिशा बदलली की गारद होतात, आणि वर ऐकून घ्यायचं, ‘तुमचा पायाच कच्चा’. संताप येतो!

गुडविलचंही (उपकंपनीच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा तिच्यासाठी जास्त मोजलेली किंमत) तसंच. ते ताबा मिळाल्याच्या तारखेच्याच आकड्यांवर का काढायचं, नंतरचा नफा त्यात का धरायचा नाही, कुणी बोलत नाही. नुसतं ‘वर्किंग ३ (तिसरी आकडेमोड) बघा’. आम्हाला समजून घ्यायचंय हो, पाठ करायचं नाहीये!