लास्लो पॅप यांना 'हौशी' म्हणताना

'हौशी मुष्टियोद्धा' या शब्दप्रयोगात मला 'हौशी' हा शब्द नेहमीच खटकतो. त्यातली हौस आधी कानावर पडते आणि तिच्यामागची कित्येक वर्षांची मेहनत झाकली जाते. हंगेरीच्या लास्लो पॅप यांच्यासाठी तर तो फारच तोकडा आहे.

१९२६ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या या डावखुऱ्या मुष्टियोद्ध्याने १९४८ मध्ये लंडनला मिडलवेट या वजनगटात, तर १९५२ मध्ये हेलसिंकीला आणि १९५६ मध्ये मेलबर्नला त्याहून हलक्या लाइट मिडलवेट गटात ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे ते पहिले मुष्टियोद्धे. पुढे ही बरोबरी केली ती क्युबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सन आणि फेलिक्स सावोन यांनी.

या तिन्हींत मला मेलबर्नचे पदक सर्वांत मोठे वाटते. त्या वर्षी हंगेरीतला उठाव चिरडण्यासाठी ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले आणि २२ नोव्हेंबरला स्पर्धा सुरू झाली. आपल्या शहरात काय चालले असेल, हा घोर मनात असताना तिशीतल्या पॅप यांनी अंतिम लढतीत अमेरिकेकडून खेळणाऱ्या, वयाने दहा वर्षांनी लहान असलेल्या होसे टोरेस यांना गुणांवर हरवले. हंगेरीचे अनेक खेळाडू त्यानंतर मायदेशी परतलेच नाहीत. पॅप मात्र परतले.

१९५७ मध्ये त्यांना व्यावसायिक लढती खेळण्याची परवानगी मिळाली, तीही देशाबाहेरच. पूर्व युरोपच्या साम्यवादी देशांत ही गोष्ट त्या वेळी अपूर्वच होती. व्हिएन्नाला आपले केंद्र करून, दुखऱ्या हातांची काळजी घेत ते लढत राहिले आणि १९६२ मध्ये युरोपचे मिडलवेट विजेते झाले. २९ लढतींत २७ विजय, दोन बरोबरी, पराभव एकही नाही. आता जगज्जेतेपदाची लढत दृष्टीच्या टप्प्यात आली असतानाच सरकारने परवानगी काढून घेतली आणि १९६४ ची लढत त्यांची अखेरची ठरली.

म्हणूनच 'व्यावसायिक जगज्जेतेपद नाही, मग थोर कसले?' हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. ते पद रिंगमध्ये त्यांच्याकडून कोणीही हिरावले नव्हते. त्यासाठी लढण्याची वाटच बंद करण्यात आली होती. मेलबर्नला त्यांच्याकडून हरलेले टोरेस मार्च १९६५ मध्ये, लाइट हेवीवेट गटात, व्यावसायिक जगज्जेते झाले.