बिजागरी आणि भोंगा

काल संध्याकाळी गिऱ्हाइकांनी भरलेल्या एका दुकानात माझ्यामुळे भोंगा वाजला. मी चोरी केली नव्हती. प्रदर्शनात मांडलेल्या एका लॅपटॉपचा पुढचा कोपरा एका हाताने उचलून तो किती लवतो एवढेच पाहत होतो. त्याच्या पोटाला चिकटवलेली तार निसटली आणि दुकानातली झाडून सारी माणसे माझ्याकडे वळली. सुरक्षारक्षकाने माझी पिशवी उघडायला लावली. तिच्यात निघालेल्या छोट्या टॉर्चकडे आणि त्याहून छोट्या स्क्रूड्रायव्हरकडे त्याने ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी अजून पचवलेली नाही.

टॉर्च लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, म्हणजे वायर खोचायच्या खाचेत, डोकावण्यासाठी होती. स्क्रूड्रायव्हर का घेतला होता, हे मलाही सांगता आले नाही.

माझा आधीचा लॅपटॉप प्रोसेसर जुना झाला म्हणून गेला नाही; तो बिजागरीने गेला. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरी असते पोलादाची, पण तिचे स्क्रू ज्यात बसतात ती पितळी नटे नुसत्या प्लॅस्टिकमध्ये रोवलेली असतात. बिजागरी घट्ट असेल तर झाकण उघडताना प्रत्येक वेळी ती नटे थोडी थोडी उपसली जातात, आणि दोन वर्षांनी एका सकाळी ‘कट्’ असा आवाज होतो. माझ्या टेबलावर गुंजेएवढे एक नट घरंगळत आले. त्याच्या खाचांना प्लॅस्टिकचा भुगा अजून चिकटलेला होता. त्यानंतरचे आठ महिने पडदा दोन जाड शब्दकोशांना टेकवून मी काम केले आणि मनाशी ठरवले, की पुढचा लॅपटॉप ‘व्यावसायिक’, म्हणजे कचेऱ्यांसाठी बनवलेल्या, वर्गातला घ्यायचा, खिशाला परवडेल तोच घ्यायचा, पण पारखून घ्यायचा.

पारखताना मी एकटा असेन असे मी गृहीत धरले होते. शेजारच्या स्टुलावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. पहिल्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर मी ‘जी’ आणि ‘एच’ यांच्या मधोमध अंगठा रोवला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून घेतला.

“दुखतंय का त्याला तिथे?” त्यांनी विचारले.

“नाही. दबतो का ते पाहतोय.”

“दबतोय?”

“गादीसारखा.”

“मग टाइप करायला मऊच लागेल की!”

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. मी दुसऱ्या लॅपटॉपकडे सरकलो, तर ते स्टुलासह सरकले. एव्हाना त्यांनी निवेदकाचे काम स्वतःकडे घेतले होते, आणि उशिरा आलेल्या एका जोडप्याला ते हलक्या आवाजात सांगत होते, “आता झाकण एका बोटाने उघडतील. मग वरच्या काठाला टिचकी मारतील. मग उलटा करतील.” मी खरोखरच त्याच क्रमाने सारे केले, कारण क्रम बदलणे मला चुकीचे वाटले असते. वास्तविक एका बोटाने झाकण उघडण्याच्या कसोटीचे जे कौतुक होते ते मला अर्धवट वाटते, कारण बिजागरी सैल असली तरी लॅपटॉप तीत पहिला येतो. टिचकीनंतर पडदा किती वेळ डुलत राहतो, हे अधिक खरे बोलते. पण हे जोडप्याला समजावून सांगण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

दुसऱ्या लॅपटॉपवर ‘लष्करी दर्जा’ असे चकचकीत लेबल होते. ते पाहून गृहस्थ जवळजवळ उभे राहिले. मी त्यांना सांगितले, की मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचे मानक आहे, त्यात पंचवीस-तीस प्रकारच्या चाचण्या आहेत, त्यांतल्या कोणत्या करायच्या हे कंपनीच निवडते आणि निकालावर लष्कर कसलाही शिक्का मारत नाही. शिवाय हातात वागवायच्या वस्तूंसाठी १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा आपटण्याची जी चाचणी आहे, त्यात सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे येतात खरे, पण त्या २६ आपट्या पाच नगांत वाटून घेण्याची मुभा आहे.

“म्हणजे एकाला पाचच?” ते खिन्नपणे म्हणाले.

“एखाद्याला सहा.”

“बिचारा,” ते म्हणाले.

खरी चीड त्या दुकानाची नाही. माहितीपत्रकात प्रोसेसरचा वेग दशांश चिन्हासह छापलेला असतो, बॅटरीचे वॉट-तास असतात, वजन ग्रॅममध्ये असते. मात्र बिजागरीचे स्क्रू धातूत बसले आहेत की प्लॅस्टिकमध्ये, चार्जिंगचे पोर्ट मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पट्टीवरच, झाळले आहे की वेगळ्या तुकड्यावर, याबद्दल अवाक्षर नसते. चार वर्षे वापरणाऱ्याला नेमके हेच हवे असते. बड्या कंपन्या व्यावसायिक लॅपटॉपच्या दुरुस्ती-पुस्तिका सर्वांसाठी खुल्या ठेवतात आणि त्यांतल्या आकृत्यांत हे स्क्रू दिसतात. परंतु वस्तू घेण्याआधी ती कशी खोलायची याचे पुस्तक वाचावे लागणे, ही गिऱ्हाइकाची चोखंदळ वृत्ती नव्हे, त्याच्यावर आलेली पाळी आहे. आणि पुस्तिका न वाचता हाताने चाचपून पाहावे, तर भोंगा वाजतो.

तो वाजला तिसऱ्या लॅपटॉपवर. त्याचे झाकण ॲल्युमिनियमचे होते, बूड साध्या प्लॅस्टिकचे असूनही करकरत नव्हते, झाकणाच्या पाठीवर दाब दिल्यावर पडद्यावर लाटा उमटत नव्हत्या, आणि टिचकीनंतर पडदा लगेच स्थिरावत होता. मला तो पसंत पडला होता. फक्त कोपरा उचलणे राहिले होते.

सुरक्षारक्षक पिशवी उचकत असताना गृहस्थच मध्ये पडले. “अहो, चोर नाहीत ते,” ते ठामपणे म्हणाले, “चोर इतका वेळ घेत नाही.” दुकान हसले. मीही हसलो, पण उशिरा आणि थोडेसे. मग ते विक्रेत्याकडे वळले, तिसऱ्या लॅपटॉपकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “यांनी इतका पिळला तरी काही झालं नाही त्याला. हाच द्या मला, बांधून.”

त्या मॉडेलचा सीलबंद डबा एकच शिल्लक होता. तो घेऊन जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर मनापासून थोपटले.

“सर, आता हा डेमो पीसच राहिलाय,” विक्रेता मला म्हणाला, “सूट मिळेल, पण खरं सांगू का, हा फार हाताळलेला आहे.”

किती जणांनी हाताळला आहे, असे मी विचारले. त्याने नुसते माझ्याकडे पाहिले.